कॅनडात पहिली शिकारी रायफल: देशी घ्यावी की परदेशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एडमंटनला स्थायिक झालात, पीएएल, म्हणजे बंदूक बाळगण्याचा परवाना, नुकताच हातात आला, येत्या हंगामात सहकाऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं आहे. पुढेमागे मूसच्या (इथलं प्रचंड हरीण) शिकार-परवान्याच्या सोडतीत नाव लागलं तर तीच रायफल चालावी, शिवाय सरावाला एक .२२, म्हणजे छोट्या काडतुसाची रायफल, हवी. २०२५ मध्ये अमेरिकेशी आयातशुल्काचं भांडण पेटल्यापासून सहकारी म्हणतात, ‘कॅनेडियनच घे’. दुकानदार फिनलंडची टिक्का पुढे करतो. एक ज्येष्ठ सहकारी घरातली जुनी .३०३ (ब्रिटिश घराण्यातली ली-एनफील्ड रायफल) स्वस्तात द्यायला तयार आहे. दुर्बिणीसकट अडीच हजार डॉलरपर्यंत खर्च करता येईल, आणि पत्नीसुद्धा तीच रायफल वापरणार आहे.

मी अल्बर्टात बरीच वर्षं बंदुकांच्या दुकानात काउंटरवर आणि मागच्या दुरुस्तीच्या टेबलावर काम केलं आहे, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. शिकारीची रायफल परदेशी घ्या: बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची), .३०८ विंचेस्टर काडतुसाची. .२२ मात्र ऑन्टारिओत बनलेली घ्या. सहकाऱ्याची .३०३ हौस म्हणून घ्यायला हरकत नाही, पहिली शिकारी रायफल म्हणून नको. आता याची कारणं सांगतो, कारण कारणं कळली तर दुकानात कोणी दुसरंच मॉडेल समोर ठेवलं तरी तुम्हाला स्वतः ठरवता येईल.

सगळ्यात आधी हे पाहा की आजच्या कॅनडात देशी रायफल म्हणून काय मिळतं. मध्यम किमतीची, जंगलात दिवसभर खांद्यावर बाळगता येईल अशी सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर ठोका बसणारी) शिकारी रायफल इथे मोठ्या संख्येने बनतच नाही. जे बनतं ते दोन टोकांना. एका टोकाला ऑन्टारिओतलं लेकफील्ड गाव. तिथली लेकफील्ड आर्म्स ही .२२ बनवणारी कंपनी १९९५ मध्ये अमेरिकेच्या सॅव्हेजने विकत घेतली, आणि सॅव्हेजच्या रिमफायर (तळाच्या कडेवर ठोका बसणाऱ्या, .२२ सारख्या) रायफली, म्हणजे मार्क टू, मॉडेल ६४ वगैरे, तिथेच बनत आल्या आहेत. नाव अमेरिकी असलं तरी काम करणारे हात ऑन्टारिओचे. त्याच सॅव्हेजच्या मोठ्या रायफली, ११० आणि अ‍ॅक्सिस, मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डहून येतात. एकाच काउंटरवर, एकाच नावाखाली, दोन देशांचा माल.

दुसऱ्या टोकाला सैन्य, पोलीस आणि लांब पल्ल्याचे नेमबाज यांच्यासाठी काम करणारे कारखाने: किचनरची कोल्ट कॅनडा, विनिपेगची पीजीडब्ल्यू, क्युबेकची कॅडेक्स. कॅनडाच्या सैन्याची .३३८ लापुआतली सी१४ टिंबरवुल्फ ही पीजीडब्ल्यूचीच. काम उत्कृष्ट आहे, पण किंमत काही हजार डॉलर आणि वजन असं, की बर्फातून दोन तास चालल्यावर खांदा बोलायला लागतो. ब्रिटिश कोलंबियातल्या क्रॅनब्रुकला मार्टिनी अँड हॅगन यांच्यासारखे एकेक रायफल हाताने घडवणारे कारागीर आहेत. त्यांच्या कामापुढे मी मनापासून हात जोडतो, पण ती पहिली रायफल नव्हे, आणि तुमच्या अडीच हजारांत तर नव्हेच.

बाकी नावांवर तर अजिबात जाऊ नका. ब्राउनिंगची एक्स-बोल्ट जपानच्या मिरोकूत बनते. वेदरबीची व्हॅनगार्ड जपानच्याच होवाकडून येते. विंचेस्टर मॉडेल ७० गेली काही वर्षं पोर्तुगालमध्ये जोडली जाते. मेपलचं पान किंवा कॅनडाची ओळख मिरवणाऱ्या काही बंदुका चीन आणि तुर्कस्तानातून येतात. आणि किचनरच्या कोल्ट कॅनडाची मालकी २०२१ पासून चेक कंपनीकडे आहे. अमेरिकी माल टाळायचा किंवा कॅनेडियन कामगाराला पैसे द्यायचे, हे ठरवणं हा तुमचा हक्क आहे आणि मला ते पटतं. मात्र त्यासाठी जाहिरात वाचू नका. बॅरलवर आणि रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) काय कोरलंय ते वाचा.

देशी म्हणून घेतली आणि फसगत झाली, याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण याच देशाच्या इतिहासात आहे. सर चार्ल्स रॉस या स्कॉटिश उमरावाची रॉस रायफल क्युबेक शहरात बनायची. बोल्ट फिरवावा लागत नसे, सरळ मागे ओढायचा. नेम अचूक. आपल्या देशाची स्वतःची रायफल म्हणून कॅनडाने ती सैन्याला दिली. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या इप्रच्या लढाईत चिखल, सततच्या गोळीबाराने तापलेली बॅरल आणि ब्रिटिश बनावटीची काडतुसं एकत्र आली आणि बोल्ट अडकू लागले. सैनिक बुटाने लाथा मारून बोल्ट उघडत होते, आणि मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफील्ड उचलत होते. १९१६ मध्ये कॅनडाच्या तुकड्यांना ली-एनफील्ड दिली गेली. काही स्नायपरांनी मात्र रॉस सोडली नाही, कारण तिची अचूकता खरी होती आणि त्यांना ती स्वच्छ ठेवायला वेळ मिळायचा. ही रायफल नेमबाजीच्या मैदानावर उत्तम ठरली आणि खंदकात माणसं गमावून बसली. त्यामुळे रायफल कुठे बनली यापेक्षा ती कुठे वापरली जाणार आहे, हे मी आधी विचारतो. जाता जाता एक इशारा: कुठे जुनी रॉस मिळाली तर गनस्मिथने (बंदुकीच्या कारागिराने) तपासल्याशिवाय तिच्यातून एकही गोळी झाडू नका. काही मॉडेलांत बोल्ट उलटा जोडला जाऊ शकतो, आणि मग तो न अडकताच मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो.

याच्या उलट उदाहरण ताजं आहे. उत्तरेकडच्या वस्त्यांमध्ये गस्त घालणारे कॅनेडियन रेंजर्स १९४७ पासून ली-एनफील्ड वापरत होते. थंडीत ती रायफल विश्वासाची होती. अडचण आली ती सुट्या भागांची. जुन्या साठ्यातले भाग संपत आले. सरकारने नवी रायफल निवडली ती फिनलंडच्या साकोची, टिक्का टी३एक्सवर आधारलेली, .३०८ मध्ये, हातमोजे घालून वापरता येईल अशी. पण ती फिनलंडहून आणली नाही. साकोच्या परवान्याने किचनरला बनवून घेतली, आणि २०१८ पासून सी१९ या नावाने ती रेंजर्सच्या हाती पडू लागली. आराखडा जिथे चांगला तिथून घेतला, आणि भाग व दुरुस्ती घरात राहील याची सोय केली. खाजगी गिऱ्हाइकाने याच दोन गोष्टी पाहाव्यात असं माझं ठाम मत आहे. पहिली सगळेच पाहतात. दुसरी फार थोडे.

म्हणून या दुसऱ्या गोष्टीवर जरा थांबतो. रायफल बिघडते ती बहुतेक वेळा किरकोळ कारणाने. फायरिंग पिनची स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर, मॅगझिनची कडी, सेफ्टीचा खटका. भाग वीस डॉलरचा असतो आणि तो नसेल तर हंगाम वाया जातो. अमेरिकेतून बॅरल, बोल्ट किंवा रिसीव्हरसारखा मुख्य भाग साध्या टपालाने मागवता येत नाही. अमेरिकेच्या निर्यात नियमांतून जावं लागतं आणि ते काम एकट्या गिऱ्हाइकापेक्षा वितरकानेच करावं. तेव्हा दुकानदाराला असं विचारा: या रायफलीचा कॅनडातला वितरक कोण? हमीची दुरुस्ती कॅनडातच होते की रायफल सीमेपलीकडे पाठवावी लागते? जादा मॅगझिन आज, आत्ता, तुमच्या कपाटात आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ‘मागवून देऊ’ असं उत्तर आलं तर मी सावध होतो. जंगलात हरवणारी पहिली वस्तू मॅगझिन असते, आणि आता ते विकत घ्यायलाही परवाना दाखवावा लागतो. टिक्काचं मॅगझिन प्लॅस्टिकचं आणि महाग आहे. तरीही ते कॅनडात सहज मिळतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

कंपनीची प्रकृतीही पाहावी. रेमिंग्टनची ७०० ही एके काळी इथल्या शिकाऱ्यांची नेहमीची निवड होती. २०१८ आणि पुन्हा २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, तुकडे करून विकली गेली, मार्लिन रूगरकडे गेली. ७०० आजही चांगली चालते आणि तिचे सुटे भाग इतर अनेक कारखाने बनवतात, पण जुन्या रायफलीच्या हमीचा कागद घेऊन आलेल्या माणसाला कुठे पाठवायचं, हे काउंटरवर सांगता येईना.

आता कायदा. इथे देशी-परदेशीचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं की कॅनडात बनलेली रायफल कॅनडाच्या कायद्यात सुरक्षित राहील. तसं झालेलं नाही. १ मे २०२० च्या आदेशाने सुमारे दीड हजार मॉडेलं निषिद्ध ठरली. डिसेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये यादी आणखी वाढली. कॅनडातल्या छोट्या कारखान्यांनी इथल्या नियमांत बसतील अशाच बेताने बनवलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीही त्यात सापडल्या. बनवणाऱ्यांचं भांडवल बुडालं, घेणाऱ्यांच्या रायफली कपाटात कुलूपबंद पडल्या. शिवाय १५ डिसेंबर २०२३ नंतर रचलेली आणि बनलेली, सुटं मॅगझिन लावता येणारी, मुळात सहा किंवा जास्त काडतुसांच्या मॅगझिनसाठी रचलेली नवी सेंटरफायर अर्धस्वयंचलित रायफल व्याख्येनेच निषिद्ध आहे. म्हणून पहिल्या खरेदीत अर्धस्वयंचलित नकोच, मग ती कॅल्गरीची असो की चीनची. साधी शिकारी बोल्ट-अ‍ॅक्शन या याद्यांच्या रोखाबाहेर राहिली आहे. अपवाद आहेत ते १०,००० जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या प्रचंड काडतुसांचे. हरणासाठी तसलं काही लागत नाही.

तरीही खरेदीआधी ते नेमकं मॉडेल अनिर्बंधित वर्गात आहे का, हे आरसीएमपीच्या, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांच्या, संदर्भ तक्त्यात पाहून घ्या. नुसतं दुकानाच्या पाटीवर विसंबू नका. आणि सहकाऱ्याकडून घेत असाल तरी हातोहात पैसे देऊन रायफल घरी आणता येणार नाही. १८ मे २०२२ पासून अनिर्बंधित रायफलीच्या प्रत्येक हस्तांतरासाठी, खाजगी व्यवहारातही, विकणाऱ्याने तुमचा परवाना आरसीएमपीकडे तपासून संदर्भ क्रमांक घ्यावा लागतो. तो क्रमांक लिहून ठेवा. उद्या नोकरीनिमित्त मॉन्ट्रियलला गेलात तर क्युबेकमध्ये लांब बंदुकांची वेगळी प्रांतिक नोंदणी आहे, तीही करावी लागेल.

सहकाऱ्याच्या .३०३ बद्दल. तिच्यावर ‘लाँग ब्रँच’ असं कोरलं असेल तर ती टोरंटोजवळच्या सरकारी कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात किंवा त्यानंतर बनलेली आहे, म्हणजे अगदी अस्सल देशी. आपल्याकडे पोलीस चौकीत भिंतीला टेकवलेली .३०३ पाहत आपण मोठे झालो. बंगालमधल्या ईशापूरची ती आणि ही लाँग ब्रँच एकाच घराण्यातल्या. मला या रायफलीचं प्रेम आहे. बोल्ट लोण्यासारखा सरकतो, आणि या देशात तिने पिढ्यान्‌पिढ्या मूसचं मांस घरी आणलं आहे. पण अडचणी मोजा. हेडस्पेस, म्हणजे काडतूस बसल्यावर बोल्टपाशी राहणारी जागा, तपासून घ्यावं लागेल. दुर्बीण बसवण्याची मूळ सोय नाही. कोणीतरी भोकं पाडून बसवली असेल तर ती सरळ आहेत का, हा वेगळा प्रश्न. .३०३ ची काडतुसं महाग, कधी मिळतात कधी नाही. आणि तुमच्या पत्नीच्या खांद्याला तो जड, पितळी तळाचा दस्ता नक्की बोचेल. दस्ता मुळातला, न कापलेला असेल तर ती रायफल जतन करण्यासाठी घ्या, आणि वर्षातून एकदोनदा मैदानावर प्रेमाने चालवा.

मग टिक्काच का? टी३एक्स लाइट तीन किलोच्या आतबाहेर भरते, चाप हलका-जड करता येतो, बोल्ट गुळगुळीत आहे आणि कारखाना तीन गोळ्यांचा गट एका एमओएत देण्याचं वचन देतो. म्हणजे १०० मीटरवर साधारण तीन सेंटिमीटर. माझ्या टेबलावर आलेल्या टिक्कांनी हे वचन बहुतेक पाळलं आहे. स्टेनलेस आणि कृत्रिम दस्त्याची आवृत्ती घ्या. अल्बर्टाच्या हिवाळ्यात, गाडीतून बर्फात आणि बर्फातून गाडीत, लाकूड आणि निळसर पोलाद दोन्हींना त्रास होतो. किंमत दुकानागणिक बदलते, पण दुर्बीण आणि ती बसवायच्या रिंग्ज धरून तुमच्या रकमेत बसते. ही किंमत जड वाटली तर सॅव्हेजची ११० पाहा: तिच्या अ‍ॅक्युट्रिगरवर चापाचं वजन घरी जुळवता येतं, आणि काही आवृत्त्यांत दस्त्याची लांबी कमीजास्त करायचे तुकडे सोबत मिळतात. तुम्ही दोघं एकच रायफल वापरणार असाल तर हा मोठाच फायदा. ती अमेरिकी आहे म्हणून नको असेल तर होवा पाहा. जरा वजनदार, पण प्रामाणिक रायफल. चेक सीझेडचं .२२ मध्ये माझ्या मते तोडीस तोड नाव आहे. मोठ्या काडतुसांत मी तुम्हाला आधी टिक्काच देईन.

दुकानात पत्नीला बरोबर न्या. जाड कोट घालून. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. दुर्बिणीतलं चित्र पूर्ण, काळ्या कडा न दिसता समोर आलं तर दस्ता बसला. मान पुढे ताणावी लागली तर दस्ता लांब आहे. लहान चणीच्या माणसाला लांब दस्त्याची रायफल दिली की धक्का दुप्पट वाटतो, चाप ओढताना डोळे मिटायला लागतात, आणि मग दोष रायफलीला दिला जातो. या मिनिटभराच्या परीक्षेपुढे रायफल कोणत्या देशाची हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

काडतुसाचा निर्णय सोपा आहे. अल्बर्टात मोठ्या जनावराच्या शिकारीला .२३ पेक्षा लहान कॅलिबर चालत नाही, म्हणजे .२२३ बाद. .३०८ ने हरीण आणि योग्य अंतरावरचा मूस दोन्ही होतात, धक्का सोसण्याजोगा, आणि लहान गावातल्या कॅनेडियन टायर या साखळी दुकानातही ती पेटी मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. .३०-०६ तितकीच चांगली, धक्का थोडा जास्त. ६.५ क्रीडमूर खांद्याला मऊ आहे. पत्नीच मुख्यतः वापरणार असेल तर तीही घ्या, मात्र मूसला अंतर कमी ठेवा. मॅग्नम, म्हणजे जादा ताकदीचं काडतूस, नको. नवशिक्यांच्या हातून मॅग्नमने जखमी होऊन निसटलेली जनावरं मला पाहवत नाहीत.

.२२ साठी लेकफील्डची मार्क टू, बोल्ट-अ‍ॅक्शन. एनसीसीत तुम्ही जे पडून, श्वास रोखून .२२ झाडायला शिकलात, ते सगळं इथे परत कामाला येईल. एखाद्या शेतकऱ्याकडे जुनी कूई विकायला असेल तर तीही जरूर पाहा. ऑन्टारिओतल्या कोबर्गला बनलेली ही .२२, इथल्या कित्येक आजोबांनी नातवंडांना तिच्यावरच नेम धरायला शिकवलं. १९६१ मध्ये कंपनी विंचेस्टरच्या मालकांनी, ऑलिनने, विकत घेतली आणि सत्तरीच्या दशकाच्या शेवटी कारखाना बंद पडला. अनेक जुन्या कूईंवर अनुक्रमांकच नाही, त्याने घाबरू नका.

कॅनडाच्या माणसांना पैसे द्यायची तुमची इच्छा टिक्का घेऊनही पुरी होते. चिलिवॅकला आयबीआय बॅरल बनवते आणि त्याच गावात एमडीटी दस्ता-चॅसी (रायफल बसवायचा सांगाडा) बनवते. पुढे कधी बॅरल बदलावीशी वाटली तर तिथून घ्या. त्याआधी मात्र गावातला चांगला गनस्मिथ शोधा. दुर्बीण त्याच्याकडून बसवून घ्या, स्क्रू टॉर्क पान्याने आवळून घ्या, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. दुर्बिणीवर रायफलीच्या निम्मी तरी रक्कम ठेवा. ‘नेम हलतो’ म्हणून दुरुस्तीला आलेल्या रायफलींमध्ये दोष बहुधा सैल रिंगचा किंवा स्वस्त दुर्बिणीचा निघतो.

ऑगस्टमध्येच रायफल घ्या. सप्टेंबरात दुकानांत झुंबड असते आणि मॅगझिन, रिंग्ज, नेमकी हवी ती काडतुसं संपतात. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या १५० ते १६५ ग्रेन वजनाच्या गोळ्यांच्या पेट्या आणा, बॅरल थंड ठेवत प्रत्येकीचे तीन-तीन गोळ्यांचे गट काढा, जी सर्वांत जवळ पडेल तिच्या चार-पाच पेट्या एकाच लॉटच्या घेऊन ठेवा. बोल्टमधलं कारखान्याचं जाड तेल पुसून टाका. उणे पंचवीसला ते गोठतं आणि फायरिंग पिन मंदावते. शिकारीहून परतल्यावर रिकामी केलेली रायफल पेटीतच बंद ठेवून घरात आणा आणि काही तासांनी पेटी उघडा, म्हणजे गार पोलादावर दव धरणार नाही. मग पुसा, कुलूप लावा, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा.